शेवटच्या गोधडीचा कोपरा

आता सत्यभामाचं म्हणाल, तर तिनं नियम ऐकले नव्हते असं अजिबात नाही. सगळे ऐकले होते, पहिल्या रांगेत बसून, मान हलवत. खांदेश्वरच्या त्या गाळ्यात बावीस बायका मांडी घालून बसलेल्या, मार्चचा उकाडा असा की पंखा गरगर फिरतोय पण वारा कुणाच्या अंगाला लागेल तर शपथ, आणि समोर तिची सून राजेश्वरी हातात नऊ पानं घेऊन उभी. नऊची नऊ पानं अटींची.

हे सगळं राजेश्वरीनंच उभं केलेलं. बेलापूरला एका एक्स्पोर्टच्या ऑफिसात सहा वर्षं कागद करत होती, त्यामुळे तिला त्यातलं सगळं कळायचं. सासू दाराशी बसून गोधड्या शिवते ते बघून तिनं फोटो काढले, इकडं तिकडं पाठवले, आणि मेलबर्नच्या एका दुकानवाल्या बाईनं एकदम तीनशे मागितल्या. पहिलीच ऑर्डर. राजेश्वरीनं बायकांना समजावून सांगितलं की आपल्या देशाचा आणि ऑस्ट्रेलियाचा करार झालाय, आधी असल्या मालावर तिकडं जकात लागायची, आता शून्य लागते, म्हणून तर त्या बाईला आपली गोधडी परवडते.

गिरजाबाई म्हणजे सगळ्यांत तोंडाळ. तिनं विचारलं, "सगळं माफ झालंय तर मग ही नऊ पानं कशाची गं?"

"जकात माफ झालीय, गिरजाबाई. तपासणी नाही माफ झाली."

मग तिनं एकेक वाचलं. सुया सकाळी मोजून घ्यायच्या, संध्याकाळी मोजून द्यायच्या. केस बांधायचे. तंबाखू गाळ्याच्या बाहेर. रंग जाणारं कापड नको. आणि धान्याचा एक कण नको. खापरा नावाचा एक किडा असतो, धान्यात होतो, तिळाएवढा, तो तिकडच्या लोकांना वाघापेक्षा भयंकर वाटतो. तो एक सापडला की आख्खा कंटेनर अडकतो. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सत्यभामापण हसली. आणि मानही हलवली.

दोन महिने मग दुसरं काही नाही. सकाळी डबे करून नऊला गाळ्यात, संध्याकाळी साडेसहाला बाहेर. सत्यभामाच्या मधल्या बोटाला सुईच्या मागच्या टोकानं खड्डा पडला. कंबर अशी धरायची की उठायचं म्हटलं तर आधी गुडघ्यावर यायचं, मग भिंतीला हात, मग हळूच सरळ. संध्या सगळ्यांत तरणी, पण तिचीही मान संध्याकाळपर्यंत वाकडी व्हायची. टाका मात्र सगळ्यांचा तांदळाएवढा पाहिजे, असं राजेश्वरीनं ठरवलेलं. आणि सगळ्यांत सरळ हात सत्यभामाचा, म्हणून प्रत्येक गोधडीचा शेवटचा कोपरा तिनंच शिवून बंद करायचा.

खरी गडबड इथंच.

सत्यभामाचं माहेर साताऱ्याकडं, पाटणच्या डोंगरात. तिथं तिच्या आईची रीत अशी की शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी आत चिमूटभर तांदूळ घालायचे. गोधडीची ओटी भरायची. लेक घरातनं जाते तशी गोधडी जाते, तिला मोकळ्या पोटी पाठवायची नसते. सत्यभामानं आयुष्यभर तसंच केलं. पोरगा रणजीत झाला तेव्हाचं दुपटं असू दे, राजेश्वरीच्या लग्नातली गोधडी असू दे, सगळ्यांच्या कोपऱ्यात दाणे. आणि आता रोज पाच-सहा कोपरे ती तसेच बंद करत होती, रिकामे. प्रत्येक वेळी हात क्षणभर थांबायचा. काहीतरी विसरल्यासारखं व्हायचं. मग ती सुई घालायची.

दोनशे नव्याण्णव कोपरे तिनं असे बंद केले, खरंच.

तीनशेव्या, म्हणजे शेवटच्या गोधडीच्या दिवशी, ती घरातनं निघतानाच पदराला गाठ मारून निघाली. म्हणजे अचानक झालं असं पण म्हणता येत नाही. गाठीत भावाच्या शेतातले तांदूळ होते, आखूड आणि तांबूस, ती फक्त देवाला वापरायची. चैत्रात त्या डब्यात जाळं धरलं होतं, बारीक केसाळ अळ्या झाल्या होत्या. तिनं चाळले, दोन दिवस उन्हात घातले, झाकण लावलं. साडेसहाला बायका गेल्या, राजेश्वरी बाहेर फोनवर होती, आणि सत्यभामानं गाठ सोडून तांदूळ कोपऱ्यात सोडले आणि दुहेरी दोऱ्यानं टाका मारला. मनात म्हणाली, जा बाई, एवढ्या लांब चाललीयस. आणि तिला इतकं बरं वाटलं, दोन महिन्यांत पहिल्यांदा.

पुढचं काम सयाजीकडं. सयाजी म्हणजे तिचा नवरा. द्रोणागिरीला एका गोदामात माथाडी, पाठीवर ओझं वाहून मानेखाली गोटा आलेला, आणि आता वय झालं म्हणून टोळीनं त्याला कंटेनर झाडायचं काम दिलेलं. माल भरायच्या आधी कंटेनर स्वच्छ झाडून दाखवावा लागतो, सुपरवायझर फोटो काढतो, कागदावर झाडणाऱ्याचं नाव येतं. घरचाच माल जाणार म्हणून त्या दिवशी सयाजीनं काय केलं असेल, तर पालथा झोपून, करवतीचं जुनं पातं घेऊन, फळ्यांच्या प्रत्येक फटीतली माती उकरून काढली. वरून ऊन, आत पत्र्याची भट्टी. बाहेर आला तेव्हा बनियन पिळून घ्यावं लागलं. रात्री जेवताना त्यानं दोनदा सांगितलं की आत बसून जेवली असतीस तरी चाललं असतं, असा केला होता. सत्यभामा वाढत होती. तिनं आणखी एक भाकरी घातली त्याच्या ताटात.

कंटेनरमध्ये निम्म्यात गोधड्या, निम्म्यात सोलापूरच्या कुणाच्या चादरी. मे संपता संपता बोट गेली.

जुलैत, धो धो पाऊस चाललेला, कपडे वाळत नाहीत, सगळ्या घराला ओलसर वास, आणि राजेश्वरी एका दुपारी गाळ्यातनं घरी आली ती चप्पल पायातच ठेवून पलंगावर बसली. तिनं मोबाईल पुढं केला. तिकडच्या तपासणीवाल्यांचा फोटो होता. पांढऱ्या कागदावर कंटेनरच्या तळातनं गोळा केलेलं काहीबाही. सात-आठ दाणे, आणि त्यात तपकिरी केसाळ अळ्या, जिवंत.

सयाजीनं मोबाईल घेतला. जवळ धरला, लांब धरला, डोळे बारीक केले. "काय हाय ह्ये? मला नीट दिसंना."

राजेश्वरी म्हणाली, खापरा आहे, आबा. कंटेनरच्या फळ्यांत आधीच्या कुठल्यातरी मालातला राहिला, असं ते म्हणतायत.

मग मोबाईल सत्यभामाच्या हातात आला. तिला चष्माही लागला नाही. आखूड, तांबूस. एवढ्या लांबनं, काचेतनं, तिनं आपल्या भावाचं शेत ओळखलं. अळ्यांनी कोपरा कुरतडला असणार, दाणे गळून तळाला गेले असणार. ती म्हणाली, "दूध उतू जाईल," आणि आत गेली. गॅसवर काहीच नव्हतं. ओट्याला दोन्ही हात लावून ती उभी राहिली आणि तिनं मनात ठरवलं की राजेश्वरी शांत झाली की सांगू.

पण राजेश्वरी शांत कुठली होते. सगळ्या मालाला विषारी गॅस दिला, दुकानवाल्या बाईनं माल घ्यायला नकार दिला, चादरीवाला फोनवर आईबापाचा उद्धार करतोय. आणि दिवाळीआधीची दुसरी ऑर्डर त्या बाईनं थांबवून ठेवली. तिचं म्हणणं एकच, की तीन आठवड्यांत लेखी कळवा, चूक नेमकी कुठं झाली आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. उत्तर पटलं तर ऑर्डर, नाहीतर राम राम. गाळ्यात बावीस बायका रिकाम्या बसून पावसाकडं बघायला लागल्या. गिरजाबाई म्हणाली, एका किड्यानं आपल्याला घरी बसवलं. या वेळी हसलं मात्र कुणी नाही.

आणि द्रोणागिरीला सगळं सयाजीवर आलं.

सुपरवायझर तेजस, करावे गावचा पोरगा, स्वभावानं वाईट नाही, पण त्याच्यावर वरून दाब होता. त्यानं सयाजीला बाजूला घेतलं. "काका, तुमी मानूस चांगला हाव, पन कागदावर झाडनारा तुमीच हाय. कोनाचं तरी नाव द्यायलाच लागंल." टोळीतले म्हणाले, सयाजीराव, चष्मा घ्या, नाहीतर दुर्बीण घ्या. दुसऱ्या दिवसापासून सयाजीनं झाडलं की मागनं मिथुन नावाचा पंचविशीतला गडी बॅटरी घेऊन पुन्हा बघायला जायचा. आठवड्यानं झाडणंच काढून घेतलं. भर पावसात ताडपत्रीचं टोक धरून उभं राहायचं काम दिलं. ते कुणालाही देतात.

सयाजी भांडला असता तर बरं झालं असतं. सत्यभामा रोज वाट बघायची की आज तरी तो म्हणेल, मी नीट झाडलं होतं. तो म्हणालाच नाही. त्याला खरंच वाटायला लागलं की आपल्यालाच दिसलं नाही. जेवताना तो ताटातल्या भातावर बोट फिरवायचा, दाणा दाणा दिसतो का बघायला. जिना उतरताना भिंतीला हात लावायला लागला. पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेला, सत्यभामा बरोबर होती. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू अगदी कोवळा आहे, यानं काही अडत नाही, जा. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलत्यात तसं." रिक्षात बसताना त्यानं तिचा दंड धरला. इतक्या वर्षांत कधी धरला नव्हता. तिनं त्याला हळू आत बसवून घेतलं.

सांगायचं तर ती रोज सांगत होती, मनात. सकाळी पीठ मळताना शब्द तयार असायचे. आवं, ऐका. मग तो चहाचा कप चाचपत यायचा आणि ती परातीकडं वळायची. कारण आता नुसते तांदूळ सांगून भागणार नव्हतं, इतके दिवस गप्प का बसलीस तेही सांगावं लागणार होतं. त्यात रोज एक दिवस वाढायचा. तांदळाचा डबा तिनं गटारात रिकामा केला, घासला, पालथा घातला. रात्री तो विचारायचा, "त्या दिवशी कोपऱ्यात वळताना मी काय बगितलंच न्हाय का गं?" आणि ती म्हणायची, झोपा आता.

तीन आठवड्यांतले पंधरा दिवस असे गेले. सोळाव्या दिवशी राजेश्वरीनं उत्तर तयार केलं. कंटेनरची सफाई नीट झाली नव्हती, संबंधित कामगाराची नजर अधू आहे, त्याला या कामावरून काढण्यात आलं आहे. गोदामाचा तसा कागद तेजसनं पाठवला होता, त्यावर सयाजीची सही हवी होती. राजेश्वरीला वाईट वाटत होतं. ती दोनदा म्हणाली, आबा, मला हे लिहायला नको वाटतं, पण बायका घरी बसल्यात. सयाजी म्हणाला, लिही पोरी, खरं हाय ते.

सही गाळ्यात करायची ठरली, प्रिंटर तिथं होता म्हणून. बायका भिंतीला टेकून बसलेल्या. बाहेर पाऊस जरा उघडलेला. सयाजीनं टेबलावरचा कागद बघितला, पेन उचललं, आणि पेन कागदाच्या वर नुसतं फिरायला लागलं. त्याला ओळ सापडेना. खरं तर दिसत होती, डॉक्टरनं सांगितलं होतं की दिसते, पण आता त्याचा स्वतःवर विश्वासच उरला नव्हता. राजेश्वरीनं त्याचं बोट धरलं आणि रेघेवर ठेवलं. "इथं, आबा."

एकतीस वर्षं ओझं उचललेलं ते बोट. नख काळं पडलेलं, चिरलेलं. पोरांना पाटीवर गिरवायला शिकवतात तसं तिनं ते धरलेलं.

"थांबा," सत्यभामा म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं. तिला वाटलं होतं की आवाज फुटणार नाही, पण अगदी साधा आला, बाजारहाट सांगावा तसा. "ते तांदूळ माझं हायत. शेवटच्या गोधडीच्या कोपऱ्यात मी घातलंवतं. ओटी म्हणून. कंटेनर झाडलेला व्हता. त्येंनी नीट झाडलावता."

संध्यानं मांडीवरच्या कापडाची उगाच घडी केली. राजेश्वरीनं विचारलं, "किती गोधड्यांत?"

"एकीतच. बाकी सगळ्या मोकळ्या हायत."

"मी सांगितलं होतं ना, आई."

"व्हय. सांगितलंवतं."

राजेश्वरीनं तो कागद उचलून फाडला. लॅपटॉप उघडला आणि नव्यानं लिहायला बसली, आणि लिहिता लिहिता मान वर न करता तिनं सांगितलं की आता हे लिहायचं तर खरं लिहावं लागेल, शिवणाऱ्या बाईनं रीत म्हणून धान्य घातलं, आणि त्या बाईला शिवणकामातून काढलंय. नाव द्यावं लागेल. ते लोक व्हिडिओवर गाळा दाखवा म्हणतात, तेव्हा तुम्ही इथं बसलेल्या दिसायला नको. सत्यभामा म्हणाली, दे नाव. तेजसलाही तसाच कागद गेला.

गिरजाबाई उठून तिच्याजवळ आली. काहीतरी लागट बोलेल असं वाटलं होतं, पण तिनं सत्यभामाच्या पुढ्यातली सुई आणि कात्री उचलून डब्यात टाकली, मोजणीसाठी.

सयाजी पेन हातात धरून तसाच उभा होता. त्यानं ते टेबलावर ठेवलं आणि बाहेर पडला. सत्यभामा मागं. स्टेशनपर्यंतचा रस्ता, दोन्ही बाजूला पाण्याची डबकी, तो पुढं, ती दहा पावलं मागं. तो भिंतीला हात न लावता चालत होता, एकदम ताठ, आणि एका डबक्याशी येऊन थांबला.

"तांदळाचं जाऊ दे," तो म्हणाला. "बायकांची रीत हाय, मला काय त्येचं न्हाय. पंधरा दिस मी भिंत चाचपत चाललो. तू बगत हुतीस."

तो डबकं ओलांडून गेला.

उत्तर पटलं त्या बाईला. ऑर्डर आली, पण निम्मी, दीडशे. आणि अटींच्या नऊ पानांना दहावं पान लागलं, कोपरा बंद करण्याआधी प्रत्येक गोधडी उलटी करून झटकायची आणि फोटो काढायचा. आता कोपरे संध्या बंद करते. सत्यभामा घरी एकवीस बायकांचा चहा करून किटलीतनं गाळ्याच्या दारापर्यंत नेते, आत जात नाही. संध्या दारात येऊन किटली घेते. बोटाचा खड्डा भरून आलाय.

द्रोणागिरीला सयाजीला झाडायचं काम परत मिळालं. तेजसनं टोळीसमोर सांगितलं, काकांची चूक नव्हती. टोळीनं चहा पाजला. सगळं जागेवर आलं म्हणायचं.

ऑक्टोबरात माल निघाला त्या दिवशी टेम्पोत गठ्ठ्यांबरोबर बसायला कुणी नव्हतं, रणजीतची एअरपोर्टला ड्युटी होती, म्हणून राजेश्वरीनं सासूला पाठवलं. उरणच्या रस्त्यावर ट्रेलरच्या रांगा, दोन तास त्यातच गेले. गोदामात पोचली तेव्हा कंटेनरचं दार उघडं होतं आणि सयाजी आत पालथा पडून फटी उकरत होता. ऑक्टोबरचं ऊन, पत्रा नुसता तापलेला. मिथुन दाराशी उभा होता.

सयाजी उठला, बॅटरी फिरवली. मग हाक मारली, "मिथुन, बग रं, ऱ्हायलंय का काय." मिथुन आत जाऊन बघून आला, म्हणाला, साफ हाय काका. सयाजीनं पुन्हा एकदा झाडलं. पुन्हा हाक मारली. मिथुन पुन्हा गेला. मिथुन सत्यभामाला म्हणाला की काकू, हे आता रोजचं हाय, माल भरायला आमचा तास जातो, पण आम्ही काय बोलत नाय.

मग सयाजीला ती दिसली. घामानं डोळे चुरचुरत होते, त्यानं बाहीनं पुसले. बॅटरी पुढं केली.

"तू बग," तो म्हणाला.

सत्यभामा चप्पल बाहेर काढून आत चढली. फळ्या तळव्यांना भाजत होत्या. ती वाकली, कोपऱ्या कोपऱ्यात उजेड टाकला, फटी फटीतनं बोट फिरवलं, आणि कुठं धूळसुद्धा बोटाला लागली नाही. इतकं स्वच्छ तिनं स्वतःचं देवघर कधी ठेवलं नव्हतं.

"काय न्हाय," ती म्हणाली. "सगळं साफ हाय."

सयाजीनं तिच्या तोंडाकडं बघितलं. मग तिच्या हातातनं बॅटरी घेतली, गुडघ्यावर बसला आणि पहिल्या कोपऱ्यापासून पुन्हा झाडायला लागला.